हिरव्या खुणांचं गाव

अधिकारी दीर्घेत बसलेल्या माणसाला विधानसभेत एकच काम असतं. मंत्री अडखळले की चिठ्ठी पाठवायची. बोलायचं नाही, हसायचं नाही, खोकला आलाच तर तोही गिळायचा. वैजयंती बर्गे हे सगळं सकाळीच शिकली होती, आणि शिकवणारे सहसंचालक निमकर तिच्या शेजारी बसून अजून शिकवतच होते.

"आकडा विचारला तर आकडाच लिहायचा, मॅडम. मत लिहायचं नाही."

"बरं, सर."

"आणि तो स्वेटर... नाही, म्हणजे कॅमेऱ्यात येतो."

स्वेटर तिच्या वहिनीनं विणलेला होता, गडद पोपटी. वहिनीला रंगांची निवड कधी जमली नाही, माणसांची मात्र जमायची. जूनमध्ये ती गेली. नागपूरच्या डिसेंबरातल्या थंडीला तो स्वेटर काही पुरत नव्हता, पण निमकरसाहेबांसाठी तो काढायचा वैजयंतीचा विचार नव्हता.

आज लक्षवेधी होती, तिच्याच खात्यावर. माजी सैनिक सेवा विभागात तालुक्याला पाच कल्याण संघटक असत. संघटक म्हणजे काय, तर माजी सैनिकाच्या नाहीतर त्याच्या विधवेच्या घरी जाणारा, ओट्यावर बसणारा, चहा पिणारा, अडलेले कागद भरून देणारा आणि निघताना घरावरून एक नजर फिरवणारा माणूस. सरकारनं पाचातली चार पदं रद्द केली होती. त्यांच्या जागी 'हाक' नावाचं बोलकं यंत्र आलं होतं.

हाक दर सोमवारी प्रत्येक माजी सैनिकाला फोन करायची. गोड आवाज, अस्सल मराठी. जेवलात का, झोप लागते का, कुणाची आठवण येते का. माणूस काय उत्तर देतो याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. ती ऐकायची तो आवाज. मन खचलं की त्याचा पहिला परिणाम घशावर होतो. स्वरतंतूंना ताण देणारे स्नायू इतके बारीक असतात, की माणसाला स्वतःला कळायच्या आधी ते कापायला लागतात. शब्दांमधले थांबे लांबतात, श्वास अर्ध्यात तुटतो, सूर घसरतो. आपल्या कानांना यातलं काहीच कळत नाही. हाकला सेकंदाच्या हजाराव्या भागातला कंपही कळायचा. शहरातल्या दवाखान्यांत चाळीस हजार माणसांचे आवाज ऐकून ती हे शिकली होती. कंप नाही, थांबणं नाही, श्वास पूर्ण, म्हणजे माणूस ठीक: हिरवी खूण. नाहीतर पिवळी. त्याहून वाईट असेल तर लाल, आणि लाल झाली की मगच माणूस पाठवायचा.

खोटं कशाला बोला, यंत्र चांगलं होतं. वैजयंतीनं स्वतः दोन लाल खुणांमागे धावून दोन माणसं वाचवली होती.

पण ते यंत्र गावात येण्याआधी एक चाचणी झाली होती. प्रत्येक घरी हाकनं एक खूण करायची, संघटकानं घरी जाऊन दुसरी करायची, आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचं. त्याला 'जुळणी तक्ता' म्हणत. गेल्या वर्षीच्या दिवाळीत निमकरांचा फोन आला होता. तक्ता आधी देईल त्याचं पद राहील, असं ते म्हणाले नव्हते. "वेळेत काम करणाऱ्यांची शासन नोंद घेतं," इतकंच म्हणाले होते. वैजयंतीकडे अकराशे घरं होती. तिनं आठशे-नऊशे घरं खरोखर पाहिली. उरलेल्या दोनशेबारा घरांपुढे तिनं स्वयंपाकघरात, करंज्या तळता तळता, 'जुळते' अशी खूण केली. त्या दोनशेबारांत एक नाव होतं हवालदार संपत शेलार, निवृत्त, मुक्काम निशाणवाडी. तिचा सख्खा मोठा भाऊ. दादाचं काय पाहायचं? तो तर दोन दिवसांआड फोनवर असतोच.

तिच्याबरोबरचे चौघे घरी गेले. त्यांत सुभेदार आबा मगर होते, ज्यांनी तिला हे काम शिकवलं. नवरा सीमेवर कामी आला तेव्हा तिशीतली वैजयंती कोऱ्या डोळ्यांनी नुसती बसून असायची. संपतदादानं तिला हाताला धरून आबांकडे नेलं होतं. "आबा, हिला कामाला लावा. न्हाईतर ही बसून बसून मरंल." आबांनी मोटरसायकलवर मागे बसवून तिला अख्खा तालुका दाखवला. पद गेल्यावर त्यांनी तिचा एकही फोन उचलला नव्हता.

"अध्यक्ष महोदय!" आमदार शालनताई वीरकर उभ्या राहिल्या. निशाणवाडी त्यांच्याच मतदारसंघातली. साठीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र थेट बैल हाकणारा. "माझ्या शेजारच्या तालुक्यात ऑक्टोबरमध्ये एका माजी नायकानं जीव दिला. मरायच्या आदल्या दिवशी त्याला या यंत्रानं पंच्याण्णव गुण दिले होते. शंभरातले! माझ्या नातवाला कधी पडले नाहीत एवढे. चार माणसं काढली आणि त्यांच्या जागी हे बसवलं. ही पदं परत द्या. दिल्याशिवाय मी खाली बसणार नाही."

"खाली बसा," कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

मंत्री उभे राहिले. घटना दुर्दैवी, एका घटनेवरून निष्कर्ष नको, संघटकांच्या स्वतःच्या खुणांशी हाकच्या खुणा शंभरात अठ्ठ्याण्णव जुळल्या आहेत. अठ्ठ्याण्णव म्हणताना त्यांनी दीर्घेकडे पाहिलं आणि निमकरांनी मान किंचित झुकवली. वैजयंतीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"सन्माननीय सदस्यांना शंका असेल तर त्यांनीच नाव सांगावं," मंत्री म्हणाले. "आत्ता, सभागृहासमोर फोन लावू."

"ही खासगी बाब आहे!" मागच्या बाकावरून आरडाओरडा झाला. अध्यक्षांनी शालनताईंकडे पाहिलं.

"सांगते की," शालनताई म्हणाल्या. "निशाणवाडीचे संपत शेलार. सहा महिन्यांपूर्वी बायको गेली. एकटे राहतात. पदं गेल्यापासून त्यांच्या घरात सरकारचा माणूस पाय ठेवायला गेलेला नाही. लावा."

वैजयंती त्यांची बहीण आहे हे इथं कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर नाव बदललेलं, आणि खात्यात नातं सांगत फिरायची तिला सवय नव्हती.

सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर आडवी रेघ उमटली. घंटी वाजली. दोनदा. तिसऱ्यांदा अर्धीच.

"हवालदार संपत शेलार, हाजिर!"

आवाज सभागृहभर घुमला. खणखणीत, सरळ, ताठ.

"नमस्कार संपतराव, मी हाक बोलतेय. कसे आहात?"

"सब ठीक है, श्रीमान. पोस्ट पर कोई हरकत नहीं."

"जेवण झालं का?"

"जी श्रीमान. राशन पूरा."

"कुणाची आठवण येते का?"

"नहीं श्रीमान." किंचितही थांबणं नाही. "चार्ज देने को तैयार."

"छान. काळजी घ्या," हाक म्हणाली.

रेघ हिरवी झाली. खाली आकडा आला: सत्त्याण्णव. सत्ताधारी बाजूनं बाकं वाजवली. "सत्त्याण्णव!" मंत्री हसून म्हणाले. "फौजी माणूस! या सभागृहात आपल्यापैकी कुणाला पडतील का?" आता विरोधकही हसले.

वैजयंतीच्या हातातला पेन खाली पडला.

आबांचा पहिला धडा. पहिल्याच दिवशी, मोटरसायकलवरून ओरडून शिकवलेला. "पोरी, आपली माणसं पलटणीत हिंदीत रिपोर्ट देत्यात आणि घरात मराठीत भांडत्यात. घरात बसलेला माणूस हिंदीत बोलाया लागला, की समजायचं, त्यो घरात न्हाई. पोस्टवर हाय. आणि पोस्टवरच्या माणसाचा आवाज कापत न्हाई बघ. कापू नये म्हणूनच तर त्याला वर्षानुवर्षं घासलेलं असतंय."

भीतीचा कंप ऐकणारं यंत्र, आणि ज्यांच्या घशातून तो कंप काढून टाकण्यावर सरकारनंच इतकी वर्षं खर्च केली ती माणसं. चाळीस हजार शहरी आवाजांत असा एकही आवाज नव्हता. दादा बरा असला की त्याचा आवाज कसा लागतो हे तिला माहीत होतं. घोगरा, रेंगाळणारा, मध्येच जांभई. "बरं हाय वैजू. तू जेवलीस का?" त्याला पन्नाससुद्धा गुण पडले नसते. शुक्रवारी तो फोनवर काय बोलला होता? बोलला होता नीट. पण जेवलीस का, हे विचारलं नव्हतं. तिला तेव्हा बसचं आरक्षण करायचं होतं.

आणि दादाची पोस्ट कुठली, हेही तिला माहीत होतं. बर्फातली. तिथं तो पहाऱ्यावर असताना बर्फाचा कडा कोसळला आणि त्याच्यामागे तंबूत झोपलेला सोबती तसाच बर्फाखाली राहिला. वहिनी होती तोवर ती त्याला रोज त्या पोस्टवरून घरी आणायची.

*चार्ज देने को तैयार.* जाणारा पहारेकरी असं म्हणतो.

तिनं पेन उचलला. चिठ्ठीवर लिहिलं: 'हवालदार शेलार यांच्या जिवाला धोका. ताबडतोब माणूस पाठवा. जुळणी तक्त्यातली त्यांची खूण मी घरी न जाता केली आहे. वै. बर्गे, संघटक.'

निमकरांनी ती मध्येच घेतली, वाचली आणि चार घड्या घातल्या.

"हे जाणार नाही."

"सर, तो माझा भाऊ आहे."

घड्या घातलेली चिठ्ठी त्यांनी फाडली नाही. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. "उत्तर संपू दे. मग बाहेर जाऊन फोन करा. हे असं लेखी... मॅडम, तालुक्याला आता एकच पद आहे. तुमच्या लक्षात येतंय ना?"

लक्षात येत होतं. तिनं दुसरा कागद घेतला, तेच शब्द लिहिले, उठली आणि चिठ्ठ्या नेणाऱ्या शिपायाच्या हातात दिला.

"मंत्रीसाहेबांना ना?" तो कुजबुजला.

"शालनताईंना."

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्याला देवळात चप्पल घालून जायला सांगितलं होतं. अधिकारी दीर्घेतून विरोधकांना चिठ्ठी! "ताई, नोकरी जाईल हो."

"तुमची नाही जाणार. जा."

शालनताईंनी चिठ्ठी वाचली. परत वाचली. मग त्या उभ्या राहिल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज बैल हाकणारा नव्हता. "अध्यक्ष महोदय, आपण आत्ता ज्याच्यासाठी बाकं वाजवली, तो माणूस मरायला बसला आहे असं त्याची संघटक सांगते आहे. अठ्ठ्याण्णव टक्क्यांतली एक खूण तिनं खोटी केली, हेही तिनंच लिहिलं आहे."

पुढचा गोंधळ वैजयंतीनं ऐकलाच नाही. कामकाज दहा मिनिटं तहकूब झालं तेव्हा ती जिन्यावर होती. फोन खाली खिडकीत जमा केलेला, त्याचा बिल्ला पर्समध्ये, पर्समध्ये किल्ल्या, गोळ्या, संत्र्याची साल, आणि बिल्ला काही सापडेना. सापडला.

दादाचा फोन वाजून वाजून बंद झाला. पोलिसांच्या मदत क्रमांकानं सांगितलं, गाडी पाठवतो, चाळीस मिनिटं लागतील. सातशे किलोमीटरवरून ती चाळीस मिनिटं मोजत बसणं तिच्यानं होणार नव्हतं. निशाणवाडीच्या शेजारच्याच वस्तीवर आबा राहायचे. मोटरसायकलनं सहा मिनिटं.

त्यांनी पहिला फोन कापला. दुसराही. तिसरा उचलला.

"आबा, मी वैजू."

"तुझा नंबर पाठ हाय. म्हणून तर उचलत न्हवतो."

"आबा, दादा हिंदीत बोलला."

पलीकडे किल्लीचा आवाज. मग मोटरसायकलची लाथ, एक, दोन. "फोन खिशात ठेवतो चालू," आबा म्हणाले. "तू बंद करू नगं."

तिनं बंद केला नाही. कानात वारा भरला. समोरून आमदार जात होते, कुणीतरी हुरडा खायला कुठं जायचं ते ठरवत होतं. निमकर जिना उतरून आले, तिच्यापुढे उभे राहिले, "तुम्हाला लेखी खुलासा..." म्हणाले आणि तिचा चेहरा पाहून भिंतीकडे सरकले.

वारा थांबला. आबांची पावलं.

"वैजू, दार उघडं हाय. झाडून काढलंय घर." आणखी दोन पावलं. "खाटंवर कांबळं अंथरलंय आणि त्यावर किट मांडलंय. तपासणीला मांडत्यात तसं. बूट, पट्टा, मेडलं घासलेली. चिठ्ठ्या लावल्यात. घड्याळावर तुझं नाव हाय."

"दादा कुठंय, आबा?"

"मागच्या खोलीला आतनं कडी." मग फोनपासून दूर तोंड करून ते ओरडले, "संपत!"

आतून आवाज आला. पुसट, पण तसाच ताठ. "थम! कौन आता है?"

वैजयंतीला वाटलं आबा आता दार फोडतील. तिनं तसं म्हटलंही. आबांनी ऐकलं नाही. त्यांनी टाचा जुळवल्या, तो आवाजही तिला आला. पहारेकऱ्याला ओढून काढता येत नाही. त्याची बदली करावी लागते.

"दोस्त," आबा म्हणाले. साठीतला सुभेदार, आवाज विशीतल्या शिपायाचा. "सुभेदार मगर. पहारा बदलने आया हूँ."

कडी सरकली नाही.

"हवालदार शेलार, पोस्ट मैंने ली. तुम्हारी ड्यूटी पूरी. बाहर आओ."

वैजयंती खिडकीच्या कठड्याची उडालेली एकच कपची परत परत मोजत राहिली. कुठंतरी कामकाज सुरू होत असल्याची घंटा वाजायला लागली. घंटा संपली. लोक परत वर गेले.

कडी सरकली.

मग पुष्कळ वेळ नुसते कपड्यांचे आवाज, कुणीतरी खाली बसतंय, कुणीतरी कुणाला धरतंय. आबा पुटपुटत होते, आता मराठीत, "हां, हां, झालं, बस, पाणी पी." आणि मग फोनजवळ एक घोगरा, फाटलेला, प्रत्येक अक्षराला अडखळणारा आवाज आला.

"वै... वैजू? जे... जेवलीस का गं?"

हाकनं त्या आवाजाला दहासुद्धा गुण दिले नसते. वैजयंतीनं भिंतीला पाठ लावली आणि हळूहळू, पोपटी स्वेटरसकट, खाली फरशीवर बसली. निमकर पाण्याचा पेला शोधायला धावले.

दोन गोष्टी झाल्या. पदं रद्द करण्याच्या निर्णयाला तीन महिन्यांची स्थगिती मिळाली, आणि वैजयंती निलंबित झाली. पहिलीबद्दल शालनताईंचे हारतुरे झाले. दुसरीबद्दल वैजयंतीची तक्रार नव्हती. दोनशेबारा खुणा तिनंच केल्या होत्या.

हाकच्या लोकांनी चूक मान्य केली, तीही नम्रपणे, आणि आठवड्यात दुरुस्त केली. माजी सैनिक हिंदीत बोलला की सरळ लाल खूण. वर्तमानपत्रांनी मोठ्या अक्षरांत छापलं: 'हिंदीत बोलला तर धोका!' निशाणवाडीत ते पारावर मोठ्यानं वाचलं गेलं.

त्यानंतरच्या सोमवारचा तक्ता शालनताईंनी तिच्याकडे पाठवला. वर एक ओळ: 'मला यातलं कळत नाही, पण मला हे पाहून भीती वाटली.'

निशाणवाडीत एकशेचौऱ्याऐंशी घरं. एकशेचौऱ्याऐंशी माणसं मराठीत बोलली होती. बरं हाय बाई. सगळं बरं हाय. काहींनी तर हाकलाच विचारलं होतं, तू जेवलीस का. वरपासून खालपर्यंत हिरव्या खुणा, एखाद्या पेरलेल्या वाफ्यासारख्या.

वैजयंतीनं तो कागद आबांपुढे धरला. संपतदादा आता आबांकडेच राहत होता. तो आत शेंगा फोडत बसला होता आणि रेडिओवरच्या बातम्यांना शिव्या देत होता, मराठीत.

आबांनी चष्मा वर केला. "परवलीचा शब्द बाहेर फुटला, की दुसऱ्या दिवशी बदलत्यात," ते म्हणाले. "ह्यांना काय नव्यानं शिकवायचंय?"

"म्हणजे आता आपल्यालाही कळायचं नाही."

"फोनवर न्हाई कळायचं." त्यांनी मोटरसायकलची किल्ली खुंटीवरून काढली. "तुला आता पगार न्हाई, माझा अजून सुरू न्हाई. चल."

पहिलं घर नाईक भगवान साबळ्यांचं होतं. बायको मुलाकडे पुण्याला, हे एकटे. दार लगेच उघडलं. दाढी गुळगुळीत, सदरा इस्त्रीचा, चेहऱ्यावर हसू.

"या, या आबा. ताई, या. लई दिसांनी. बरं हाय, सगळं बरं हाय."

आवाज छान होता. रेंगाळणारा, घरातला. अंगण झाडलेलं होतं. वैजयंतीनं घरावरून नजर फिरवली. खाटेवरच्या कांबळ्याच्या कडा दुमडून सरळ रेषेत होत्या. पण फौजी माणसाच्या घरात त्या असतातच. तिला काहीच कळलं नाही, आणि ते न कळणंच तिच्या मानेवरून थंड पाण्यासारखं उतरलं.

"चहा घेऊ, भाऊ," ती म्हणाली आणि चटईवर बसली. "आम्हाला घाई नाही."

साबळे हसत मांडणीकडे वळले. मांडणी पुसून लख्ख होती आणि रिकामी होती. ते तिथंच थांबले. मग त्यांनी कोपऱ्यातल्या काळ्या ट्रंकेकडे पाहिलं. तिला सुतळी बांधलेली होती आणि सुतळीत मुलाचं नाव लिहिलेली एक चिठ्ठी खोचलेली.

"कप जरा... बांधून ठेवल्यात," ते म्हणाले.

उंबऱ्यावर बूट काढता काढता आबांचा हात नाडीवरच थांबला.

वैजयंती उठली, ट्रंकेपाशी जाऊन मांडी घालून बसली आणि सुतळीची गाठ नखानं सोडायला लागली.

"तीन काढूया," ती म्हणाली. "तुम्ही आधण ठेवा."